हिशेब जुळला तरी...

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील तरुणांसाठी एक दिवसाचे शिबिर भरले होते. दुपारच्या प्रश्नोत्तरांच्या वेळी एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, "फादर, माझा एक मित्र एका दुकानात गल्ल्यावर बसतो. शनिवारी संध्याकाळी तो गल्ल्यातले थोडे पैसे घरी नेतो, घरची अडचण भागवतो आणि सोमवारी सकाळी मालक येण्याआधी तेवढेच पैसे परत ठेवतो. एक पैसाही कमी होत नाही. हिशेब जुळतो. मग यात पाप कुठे?" सभागृहात हशा पिकला, कारण हा 'मित्र' कोण असावा याचा तर्क बहुतेकांनी केला होता. आम्हाला मात्र हसू आले नाही. "या प्रश्नाचे उत्तर सवडीने देऊ," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. ते उत्तर या लेखातून देण्याचा आमचा प्रयत्न आहे. वेळ मारून का नेली, याचाही उलगडा लेखाच्या ओघात होईल.

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. संत थॉमस अॅक्वायनस यांनी चोरीची जी व्याख्या केली तिचा आशय असा, की परक्याची वस्तू गुप्तपणे घेणे म्हणजे चोरी. या व्याख्येत 'नुकसान' हा शब्द नाही, हे आमच्या ध्यानात फार उशिरा आले. आजच्या व्यवहारी जगाला मात्र तेवढा एकच शब्द कळतो. कोणाचे नुकसान झाले? झाले नसेल तर तक्रार कसली? वस्तूची किंमत म्हणजेच वस्तू, आणि किंमत भरून दिली की प्रश्न मिटला, असा हा विचार आहे. तो खरा की खोटा हे पारखण्यासाठी आम्ही वाचकांना अंमळ दूर, अमेरिकेतील नाण्यांच्या जगात नेणार आहोत. एकतर हा आमचा बालपणापासूनचा छंद. दुसरे असे, की आपल्या कुटुंबांतील मुले-माणसे अमेरिकेत, आखातात, बोटींवर आहेत, आणि परदेशी चिल्लर साठवलेला एखादा डबा पुष्कळ घरांतून कपाटावर पडलेला असतो. त्या डब्यात काय काय दडलेले असते, ते पाहू या.

अमेरिकेच्या संघराज्याची टांकसाळ स्थापन करणारा कायदा २ एप्रिल १७९२ रोजी झाला. नाण्यावर राष्ट्राध्यक्षाचे मुख असावे असा विचार सेनेटच्या मसुद्यात होता. प्रतिनिधिगृहाने तो फेटाळला. नाण्यावर आपला चेहरा उमटवणे हे राजांचे काम, आणि राजाचे जोखड तर आपण नुकतेच फेकून दिले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून नाण्यावर कोणा व्यक्तीऐवजी स्वातंत्र्याचे प्रतीक असावे असे ठरले. पुढच्याच वर्षी, १७९३च्या मार्चमध्ये, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून ११,१७८ तांब्याची सेंट नाणी बाहेर पडली. पुढच्या बाजूस मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवता होती आणि मागच्या बाजूस पंधरा कड्यांची साखळी. पंधरा राज्यांची एकी दाखवावी हा त्या साखळीचा हेतू. लोकांना मात्र त्यात बेड्या दिसल्या. स्वातंत्र्याच्या पाठीला साखळदंड, हे कसले लक्षण, अशी टीका झाली आणि साखळी लगोलग काढून टाकण्यात आली. नाण्यावरची साखळी गेली. त्या देशातील लक्षावधी गुलामांच्या पायांतली जायला मात्र आणखी सात दशके आणि एक यादवी युद्ध लागले. नाण्यावर काय लिहिले आहे आणि नाणे ज्याच्या हातात आहे त्याचे जीवन कसे आहे, यांत किती अंतर असू शकते याचा हा पहिला धडा होय.

नाणी जमवण्याचा नाद अमेरिकनांना खऱ्या अर्थाने लागला तो १८५७ साली. त्या वर्षी जुने, मोठ्या आकाराचे तांब्याचे सेंट बंद झाले. बालपणापासून हाताळलेली वस्तू आता दिसणार नाही म्हटल्यावर लोक ती जपून ठेवू लागले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये नाणकशास्त्राची संस्था निघाली. १९०९ साली लिंकनच्या जन्मशताब्दीनिमित्त त्याचे मुख सेंटवर आले. रोजच्या चलनातील नाण्यावर झळकणारा तो पहिला राष्ट्राध्यक्ष. शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर याने नाण्याच्या मागे आपली तीन आद्याक्षरे घातली होती. ती फार ठळक आहेत अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढण्यात आली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत अशी ४,८४,००० नाणी पडली होती. १९३०च्या दशकात, मंदीच्या काळात, प्रत्येक वर्षाच्या सेंटसाठी एकेक भोक पाडलेले पुठ्ठ्याचे फलक दुकानांतून मिळू लागले आणि वडिलांच्या खिशातील चिल्लर चाळत सॅन फ्रान्सिस्कोचा तो एक सेंट शोधणे हा घरोघरच्या मुलांचा उद्योग होऊन बसला. १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांची पन्नास पाव-डॉलर नाणी, वर्षाला पाच याप्रमाणे निघाली, तेव्हा हाच उत्साह पुन्हा उसळला. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी चलनासाठीचा शेवटचा सेंट फिलाडेल्फियात पाडला गेला. एक सेंट घडवण्याचा खर्च साडेतीन सेंटच्या वर गेला होता. म्हणजे आता तोही जमवण्याचीच वस्तू झाला.

या छंदाला आम्ही दोष देत नाही. पृथ्वीवर धन साठवू नका, असे प्रभू येशूने सांगितले आहे हे खरे; पण साठवणे आणि जपणे यांत भेद आहे. कृपण मनुष्य नाण्याकडे पाहतो तेव्हा त्याला फक्त आकडा दिसतो. खरा संग्राहक पाहतो तेव्हा त्याला ते घडवणारे हात, ते मोजणारे हात, ते मुठीत धरून बाजारात गेलेले हात दिसतात. झिजलेल्या नाण्याचे त्याला अप्रूप असते, कारण झीज म्हणजे माणसांच्या स्पर्शाचा इतिहास. परंतु या छंदाच्या पोटी एक मोह असतो. दुर्मिळतेची भूक लागली की मालकीचा विचार मागे पडतो. त्याची दोन उदाहरणे पाहू.

अमेरिकन नाण्यांचा राजा म्हणतात ते १८०४ सालचे डॉलर. गंमत अशी, की ते १८०४ साली पाडलेलेच नाही. १८३४ साली अमेरिकेने एडमंड रॉबर्ट्स या दूताला पूर्वेकडील राज्यांत पाठवण्याचे ठरवले आणि भेटीदाखल देशाच्या नाण्यांचे संच तयार करण्याचा हुकूम दिला. चांदीचा डॉलर पाडणे बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. जुन्या नोंदींत शेवटचे साल १८०४ दिसले, म्हणून तेच साल घालून नवे साचे घडवण्यात आले. 'पीकॉक' या जहाजातून हे संच निघाले. १८३५च्या सप्टेंबरात जहाज अरबस्तानच्या किनाऱ्याजवळ मसिरा बेटापाशी रुतले. कसेबसे सुटून मस्कतला पोहोचले. सुलतानाला नजराणा देऊन झाल्यावर ते दुरुस्तीसाठी आले ते आपल्या मुंबईच्या गोदीत. पुढे सयामच्या राजाला एक संच पोहोचला. रॉबर्ट्स मात्र १८३६ साली मकाव येथे मरण पावला आणि उरलेले संच परत गेले. अशा नजराण्याच्या जातीची आठ डॉलर नाणी आज ज्ञात आहेत. १९९९ साली, सुलतानाच्या संचातील मानले जाणारे नाणे ४१ लाखांहून अधिक डॉलरना विकले गेले.

पण या कथेला दुसरी बाजू आहे. पुढे १८५८च्या सुमारास टांकसाळीतील काही माणसांनी कोणाचीही परवानगी न घेता १८०४ सालचीच आणखी डॉलर नाणी पाडली आणि ती संग्राहकांच्या हाती लागू दिली. तीच टांकसाळ, तीच चांदी, तेच साल. ज्याने विकत घेतले त्याने पैसे मोजले आणि चांदी तर फारशी खर्चच झाली नव्हती. तरीही एक नाणे भेट होते आणि दुसरे चोरी. या दोहोंतील भेद सोनाराच्या तराजूत तोलून सापडणार नाही. आजच्या बाजारातही तो सापडत नाही, कारण ती चोरटी नाणीसुद्धा आज लक्षावधी डॉलरना जातात. बाजाराला दुर्मिळता कळते, सदसद्विवेक कळत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी जाते. ऑगस्टस सेंट-गॉडेन्स या थोर शिल्पकाराने आपल्या आयुष्याच्या अखेरीस वीस डॉलरच्या सोन्याच्या नाण्याची रचना केली. १९०७ पासून ते नाणे निघू लागले. हाती मशाल घेऊन उगवत्या सूर्यापुढून चालत येणारी स्वातंत्र्यदेवता आणि पाठीमागे झेपावणारा गरुड. अमेरिकेचे सर्वांत देखणे नाणे म्हणून ते ओळखले जाते. १९३३ साली या नाण्याची ४,४५,५०० नगांची नवी भर फिलाडेल्फियात पडली. पण त्याच सुमारास फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सत्ता हाती घेतली होती आणि कोसळणाऱ्या बँका सावरण्यासाठी सोन्याचे व्यवहार बंद केले होते. ५ एप्रिल १९३३च्या हुकुमाने नागरिकांना आपल्याजवळचे बहुतेक सोने सरकारजमा करावे लागले. १९३३ सालची ही नाणी चलनात आलीच नाहीत. दोन नगांची रवानगी राष्ट्रीय संग्रहात झाली आणि बाकीची १९३७ साली वितळवून त्यांच्या विटा करण्यात आल्या.

निदान कागदोपत्री तसे झाले. १९४४ साली एका लिलावाच्या जाहिरातीत १९३३चे नाणे दिसले आणि सरकार खडबडून जागे झाले. चौकशीअंती काही नाणी टांकसाळीतून बाहेर पडल्याचे निष्पन्न झाले. मात्र हिशेबाच्या वह्या तपासल्या तेव्हा त्यांत एका गुंजेचीही तूट नव्हती! सरकारी तपासाचा निष्कर्ष असा, की आतल्याच कोणीतरी १९३३ची नाणी उचलून त्या जागी आधीच्या सालांची तेवढीच नाणी ठेवली असावीत. वजन तेच, सोने तेच, किंमत तीच. आमच्या शिबिरातील तरुणाच्या भाषेत सांगायचे तर हिशेब जुळला होता.

मग चोरी कशाची झाली? या प्रश्नावर अमेरिकेत सत्तर वर्षे खल चालला. एक नाणे इजिप्तचा राजा फारूक याने रीतसर परवाना काढून १९४४ साली देशाबाहेर नेले होते. चौकशी सुरू होण्याच्या थोडेसेच आधी. १९५२ साली राजाची सत्ता गेली, १९५४ साली त्याचा संग्रह लिलावात निघाला आणि हे नाणे अदृश्य झाले. १९९६ साली एका ब्रिटिश व्यापाऱ्याला न्यूयॉर्कच्या हॉटेलात एका नाण्यासह अटक झाली. ते राजाचेच नाणे असा त्याचा दावा होता. खटला समझोत्याने मिटला. ३० जुलै २००२ रोजी लिलाव झाला आणि रक्कम व्यापारी व सरकार यांनी वाटून घेतली. त्या लिलावात नाण्याची किंमत आली ७५,९०,०२० डॉलर. शेवटचे वीस डॉलर कशाचे? नाणे टांकसाळीने कधी अधिकृतपणे दिलेच नव्हते. म्हणून खरेदीदाराने त्याची दर्शनी किंमत सरकारी खजिन्यात भरली आणि तेव्हा कुठे ते कायदेशीर नाणे झाले. २०२१ साली हेच नाणे १ कोटी ८८ लाख डॉलरहून अधिक किमतीस गेले.

फिलाडेल्फियातील एका दिवंगत जवाहिऱ्याच्या कुटुंबाच्या नशिबी मात्र वेगळे आले. त्यांना बँकेच्या तिजोरीत अशी दहा नाणी सापडली. ती खरी आहेत की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी २००४ साली टांकसाळीकडे दिली, आणि टांकसाळीने ती ठेवून घेतली. कुटुंब न्यायालयात गेले. १९३३ साली सोने देऊन नाणे बदलून घेणे काही काळ शक्य होते, असा त्यांचा युक्तिवाद. एकही नाणे बाहेर दिल्याची नोंद नाही, सबब ती चोरीचीच, असा सरकारचा. २०११ साली ज्यूरीने सरकारच्या बाजूने कौल दिला. अपिलात एकदा कुटुंबाची सरशी झाली, पण २०१६ साली पूर्ण पीठाने सरकारचा हक्क मान्य केला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

येथे न्यायबुद्धीने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या सरकारने वीस-वीस डॉलरसाठी एवढा लांबचा पाठलाग केला, त्याच सरकारने १९३३ साली नागरिकांचे सोने औंसाला २०.६७ डॉलर या भावाने घेतले आणि पुढच्याच वर्षी सोन्याचा भाव ३५ डॉलर केला. तिथेही कागदावर हिशेब चोख होता. प्रत्येकाला त्या दिवशीची पूर्ण किंमत मिळाली होती. संकटात राष्ट्राला असे करावे लागते, असे म्हणणारे आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण हिशेब जुळला म्हणजे न्याय झाला, ही समजूत गल्ल्यावरच्या पोराचीच असते असे नाही. ती राज्यकर्त्यांचीही असते, एवढे यातून दिसते.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगायला आम्हाला पुष्कळ वर्षे लागली.

आम्ही सेमिनरीत शिकत होतो. रविवारी आम्हाला जवळच्या एका धर्मग्रामात मदतीला पाठवत. मिस्सा झाली की अर्पणाचे पैसे मोजायचे काम आमच्याकडे असे. एका रविवारी नाण्यांच्या ढिगात एक मोठे, पांढरेशुभ्र नाणे दिसले. केनेडींच्या मुखाचा अर्धा डॉलर, साल १९६४. जॉन केनेडी हे अमेरिकेचे पहिले कॅथलिक राष्ट्राध्यक्ष. आमच्या लहानपणी कितीतरी घरांत त्यांचे चित्र येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी लावलेले असे. १९६३च्या नोव्हेंबरात त्यांची हत्या झाली आणि १९६४च्या मार्चमध्ये हे नाणे निघाले. लोकांनी ते स्मृती म्हणून इतके जपून ठेवले की बाजारात ते फिरलेच नाही. त्या सालचे नाणे नव्वद टक्के चांदीचे. आमच्या छोट्याशा संग्रहात एवढ्याचीच उणीव होती.

डॉलरचा त्या वेळचा भाव पाहता अर्ध्या डॉलरचे सात रुपयेही होत नव्हते. आम्ही खिशातून दहाची नोट काढली, ढिगात ठेवली आणि नाणे खिशात घातले. चर्चचा फायदाच झाला, अशी मनाची समजूत घातली. वहीत बेरीज लिहिली. हिशेब जुळला.

तीन-चार आठवडे गेले. मन स्वस्थ नव्हते. नाणे पाहावेसे वाटे, पण दुसऱ्या कोणाला दाखवावेसे वाटेना. ज्या वस्तूचा आनंद कोणाला सांगता येत नाही ती वस्तू आपली नसते, हे तेव्हा अंधुकपणे जाणवले. अखेर आम्ही आमच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना सर्व सांगितले. ते म्हातारे धर्मगुरू रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "तुम्ही मागितले असते तर त्यांनी दिले नसते का?" आम्ही म्हणालो, "दिले असते, फादर." "मग तुम्ही नाणे घेतले नाही," ते म्हणाले, "त्यांचे देणे घेतलेत. जा, ते परत करून या."

आम्ही त्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंपुढे नाणे ठेवले आणि घडले ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत रुमालात बांधलेली सहा-सात अमेरिकन नाणी होती. धर्मग्रामातील एक विधवा, तिचा नवरा बोटीवर नोकरीला होता. त्याने आणलेल्या नाण्यांतील एकेक नाणे ती त्याच्या मृत्यूच्या तिथीला, दरमहा, अर्पणात घालीत असे. बँकेत त्या चिल्लरीचे काही येत नाही हे फादरांना ठाऊक होते. ते नाणे बाजूला ठेवत, स्वतःचे पैसे भरत आणि वहीत तशी नोंद करीत. पुरेशी नाणी जमली की ती तिला परत द्यायची, असे त्यांच्या मनात होते. त्या महिन्यात नाणे आले नाही, म्हणून बाई आजारी तर नाही ना, या काळजीने ते तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "फादर, मी तर टाकलं होतं."

दानपेटी उघडणारे आणि थाळ्या गोळा करणारे सॅक्रिस्टन होते चर्चचे जुने सेवक. कोणी त्यांच्यावर आळ घेतला नाही. पण कोणी काही न बोलताही माणसाला कळते. फादरांनी त्यांना एकदाच विचारले होते, "अमेरिकेचं नाणं दिसलं का?" त्या प्रश्नानंतर त्यांनी पेटीची किल्ली फादरांच्या टेबलावर आणून ठेवली होती. तीन आठवडे ते पेटीला हात लावत नव्हते.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. ओटीवर बसून ते जाळे विणत होते. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी विणणे थांबवले नाही. म्हणाले, "ब्रदर, पैसे कमी भरले असते तर मी माझ्या पगारातून भरले असते. विश्वास कमी भरला, तो मी कुठून आणणार होतो?" मग घरात जाऊन त्यांनी आमच्यासाठी चहा सांगितला. पुढच्या रविवारी पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला होती. आमच्याकडून पैसे मोजण्याचे काम मात्र काढून घेण्यात आले आणि ते योग्यच झाले.

सुज्ञ वाचकहो, शिबिरातील त्या तरुणाला आम्ही ताबडतोब उत्तर का दिले नाही, हे आता उमगले असेल. त्याच्या प्रश्नात आम्हाला आमचाच आवाज ऐकू आला होता.

तेव्हा उत्तर असे: हिशेबाच्या वहीत फक्त वस्तूंना रकाना असतो, माणसांना नसतो. नाणे पेटीत पडते तेव्हा त्याच्याबरोबर एक माणूस पडलेला असतो. मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले. त्याच पेटीत श्रीमंतांची नाणी खणखणत होती. खजिनदाराच्या वहीत त्या दोन दमड्यांचा पत्ताही लागला नसता. प्रभूने नाणे मोजले नाही, देणारी पाहिली. आम्ही त्या रविवारी याच्या नेमके उलट केले. नाणे पाहिले आणि देणारी पाहिली नाही. दहाच्या नोटेने आम्ही नाण्याची किंमत भरून काढली. पण विधवेची आपल्या पतीसाठीची प्रार्थना, फादरांची काळजी, त्या वृद्ध सेवकाची आयुष्यभराची पत यांतली कोणतीही गोष्ट दहाच्या नोटेत मावणारी नव्हती. गल्ल्यातून शनिवारी घेतलेले आणि सोमवारी ठेवलेले पैसे तेच असतील, पण रविवारभर मालक ज्या विश्वासाने झोपला तो विश्वास खोटा होता. चोरी त्याचीच झाली. चोरी गुप्तपणे होते, असे संत थॉमस म्हणतात त्यातले मर्म हेच असावे. विचारले असते तर जे दान झाले असते, तेच न विचारता घेतल्याने चोरी होते, कारण समोरच्याच्या 'हो' किंवा 'नाही' म्हणण्याच्या अधिकारावरच आपण हात टाकतो. ईश्वराने मनुष्याला दिलेली ही सर्वांत मोठी संपत्ती. खुद्द ईश्वरही आपल्या 'हो'ची वाट पाहतो. नाझरेथच्या कुमारिकेच्या होकारासाठीही तो थांबला.

अमेरिकन नाण्यांवर 'आमचा देवावर भरवसा आहे' या अर्थाचे शब्द असतात. पेनसिल्व्हेनियातील वॅटकिन्सन नावाच्या एका पाळकाने १८६१ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, अर्थमंत्री चेस यांना पत्र लिहिले. आपले राष्ट्र लयाला गेले तर पुढचे संशोधक आपली नाणी पाहून आपल्याला देव न मानणारे समजतील, अशी त्याला चिंता होती. त्यातून १८६४च्या दोन सेंटच्या नाण्यावर ते शब्द प्रथम आले. १९०७ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी सेंट-गॉडेन्सच्या सोन्याच्या नाण्यावरून ते शब्द वगळले. देवावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे, तर जुगारात आणि दारूच्या गुत्त्यात फिरणाऱ्या पैशावर देवाचे नाव म्हणजे त्याची विटंबना, असे त्यांना मनापासून वाटत होते. लोक संतापले आणि १९०८ साली काँग्रेसने शब्द परत आणले. २००७ साली निघालेल्या वॉशिंग्टनच्या डॉलर नाण्यावर ते शब्द कडेला कोरायचे होते. चुकून काही नाणी कोऱ्या कडेनेच बाहेर पडली. देवाचे नाव नसलेल्या त्या एक डॉलरच्या नाण्यांना संग्राहकांनी सुरुवातीला शेकडो डॉलर मोजले!

पाळक बरोबर की राष्ट्राध्यक्ष बरोबर? आम्हाला दोघांचीही तळमळ खरी वाटते. पण आमचा स्वतःचा अनुभव असे सांगतो, की भरवसा हा ठशाने उमटवायचा मजकूर नाही. केनेडींच्या त्या अर्ध्या डॉलरवरही देवावरच्या भरवशाचे शब्द होते. आम्ही ते नाणे खिशात घातले तेव्हा ते शब्द आमच्या बोटाखालीच होते, आणि त्यांनी आम्हाला अडवले नाही. भरवसा असतो तो किल्ली कमरेला बांधणाऱ्या माणसाच्या आणि ती त्याच्याकडे देणाऱ्याच्या दरम्यान.

शेवटी अमेरिकन चांदीची एक हकीकत सांगतो, कारण ती थेट आपल्या घरापर्यंत येते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांचा तुटवडा पडला. नोटेच्या बदल्यात रुपया मिळेल की नाही अशी धास्ती पसरली. तेव्हा अमेरिकेने २३ एप्रिल १९१८ रोजी कायदा करून आपले २७ कोटींहून अधिक चांदीचे डॉलर वितळवले. त्यांपैकी सुमारे २५ कोटी ९० लाख डॉलरची चांदी ब्रिटिश सरकारला विकली आणि ती हिंदुस्थानसाठी आली. येथील टांकसाळींत तिचे रुपये पडले. ज्या चांदीवर काल स्वातंत्र्यदेवता होती तिच्यावर आज पंचम जॉर्ज आले. आपल्या आजीच्या पेटीत त्या सालांचा एखादा रुपया असेल, तर त्याच्या पोटात कदाचित कुणा अमेरिकन मजुराच्या पगाराचा डॉलर विसावला असेल. ठसा बदलतो, धातू तोच राहतो.

मनुष्याचे मात्र तसे नाही. कैसराचे नाणे प्रभूच्या हाती दिले तेव्हा त्याने विचारले, की हे मुख कोणाचे? ज्याचे मुख त्याला ते द्या, असे सांगितले. मनुष्य हे देवाचे नाणे आहे, त्याच्यावर देवाची प्रतिमा आहे, असा या प्रसंगाचा अर्थ संत ऑगस्टीन यांनी लावला. ती प्रतिमा वितळवता येत नाही. ती झिजते, मळते, लहानसहान लबाड्यांच्या थराखाली झाकली जाते, पण नाहीशी होत नाही. आमच्याबरोबर त्या वृद्ध सेवकाच्या चेहऱ्यावरही ती होती, आणि तीन आठवडे आम्ही तिच्यावर काजळी फासली होती.

तो तरुण गेल्या महिन्यात भेटला. त्याच्या 'मित्राने' मालकाला सर्व सांगितले, एवढे त्याने आम्हाला सांगितले. मालक काय म्हणाले ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. पुढचा हिशेब त्या दोघांचा आहे.

आणि आमचे ते नाणे? त्या रुमालातील सर्व नाणी, केनेडींच्या अर्ध्या डॉलरसह, फादरांनी त्या माउलीला परत दिली. तिने ती घेतली आणि पुढच्या महिन्यापासून पुन्हा एकेक करून अर्पणात घालू लागली. आमच्या संग्रहात १९६४ची जागा आजही रिकामी आहे. विकत घ्यायचे ठरवले तर ते नाणे फार महाग नाही. तरीही ती जागा आम्ही रिकामीच ठेवली आहे.